दारातला उटकटारा आणि माझं लग्न

माझं लग्न जमत नाही, याचं कारण आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. ते कारण आमच्या दारात, फाटकाच्या उजव्या हाताला, मुरमात उभं आहे. उंची कमरेइतकी, अंगभर काटे, आणि दिवाळीच्या सुमारास त्याला लिंबाएवढे गोल, निळसर गेंद लागतात. त्याला उटकटारा म्हणतात. बांधावर, पडीक रानात, रस्त्याच्या कडेला तो आपोआप येतो आणि लोक त्याला तण म्हणून खांदून टाकतात. मी त्याचं बी आणून पेरलं आणि भोवती कुंपण केलं. तणाला कुंपण घालणारा माणूस गावानं याआधी पाहिलेला नव्हता, त्यामुळे माझ्या डोक्याबद्दलही थोडी चर्चा आहे. पण तो विषय लोक लग्नाचा विषय संपल्यावर घेतात.

मी चौतिशीतला. शेती करतो. सोयाबीन, हळद, पाणी उरलं तर हरभरा. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या बाजाराला पायी जाता येईल इतक्या अंतरावर आमचं गाव आहे. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. थोरली बहीण नोकरदाराला दिली, ती नांदेडला असते. घरात मी आणि आई.

घर गावाबाहेर नव्यानं बांधलेलं आहे. पाया भरायला टिप्परनं मुरूम आणला, तो उरला, आणि उरलेला दारात पसरला. त्याला आम्ही अंगण म्हणतो. दिवसभर ऊन. समोर सावली देईल असं काहीच नाही, कारण सावली देणारं झाड रस्ता रुंद करताना गेलं. घर बांधल्यावर मला वाटलं, दारात चार फुलझाडं असावीत. वारंगा फाट्यावर रस्त्याकडेला एक नर्सरी आहे, तिथून गुलाब आणले, जास्वंद आणली, एक शोभेचं ताडासारखं झाड आणलं. नर्सरीवाला म्हणाला, "याला काहीच करावं लागत न्हाई, नुसतं पाणी." आमच्याकडे एप्रिलात नेमकं तेच नसतं. गुलाब होळीपर्यंत टिकले. जास्वंद शेजारच्या काकूंच्या शेळ्यांनी खाल्ली. ताडासारखं झाड कशानं गेलं ते कळलंच नाही. ते आधीपासून वाळल्यासारखंच दिसायचं, म्हणून गेल्याचंही उशिरा लक्षात आलं. त्या वर्षी पाहुण्यांचं स्वागत करायला दारात काटक्यांची एक रांग उभी होती.

मग एकदा हळदीच्या वावराकडे जाताना बांधावर उटकटारा फुललेला दिसला. तो लहानपणापासून पाहत आलो होतो, पण पाहिला नव्हता. सगळं रान धुळीच्या रंगाचं झालेलं आणि त्यात हे निळे गेंद. निळीच्या पाण्यातून काढलेला पांढरा सदरा वाळल्यावर दिसतो, तेवढाच निळा. प्रत्येक गेंदावर चार-दोन मधमाश्या. मला ते इतकं आवडलं, की मी तिथल्या तिथं कुदळ घातली. मूळ सरळ खाली गेलेलं. कंबर गेली, कुदळीचा दांडा गेला, शेवटी मूळही अर्ध्यातच तुटलं. आणून लावलेलं झाड आठवड्यात मेलं. हलवलेलं त्याला चालत नाही, एवढं शिकलो.

मग गेंद वाळू दिले, हाताला फडकं गुंडाळून ते कुस्करले आणि मृगात दारातल्या मुरमात बी टाकलं. पहिल्या वर्षी नुसती पानं, जमिनीला चिकटून बसलेली, वरून हिरवी आणि खालून पांढरी लव असलेली. मला घाई. मी शेणखत घातलं, तर झाड थुलथुलीत झालं आणि वाऱ्यानं आडवं पडलं. न्हाणीचं पाणी वळवून दिलं, तर दोन झाडं मुळाशी सडली. शेवटी कंटाळून सोडून दिलं, तेव्हा कुठं राहिलेली दोन झाडं भराभर वाढली. खत नको, पाणी नको, सावली नको. आपल्याकडे कोणी लक्ष देऊ नये, एवढीच त्याची अपेक्षा असते. माझीही तेवढीच आहे. गाव दोघांचीही पुरी करत नाही.

आता मामा. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. तो कळमनुरीकडे असतो आणि सोयरिकी जमवणं हा त्याचा छंद आहे. त्यानं खूप लग्नं जमवली आणि त्यातली काही अजून टिकून आहेत. त्याच्या मोबाईलवर सकाळपासून वास्तूचे व्हिडिओ चालू असतात. कोणाच्या घरी गेला की चहाच्या आधी तो संडास कोणत्या दिशेला आहे ते विचारतो.

पूर्वी मुलाकडचे मुलगी पाहायला जायचे आणि पोहे खाऊन यायचे. आता आधी मुलीकडचे मुलाचं घर पाहायला येतात आणि पोहे आम्ही करतो. आईचे पोहे चांगले होतात, त्यामुळे या बाजूनं तक्रार नाही. पाहुणे फरशी बघतात, फ्रीज बघतात, पाण्याची मोटार बघतात, सातबारा किती एकराचा ते विचारतात. शेती पाहिजेच असते. फक्त मुलानं ती करायला नको असते. एका पाहुण्यांनी मला स्पष्टच सांगितलं की शेतकऱ्याला पोरगी द्यायचीच नाही. सांगताना ते स्वतःच्या हाताची हळद रुमालाला पुसत होते, कारण तेही सकाळी हळद काढूनच आले होते.

पण एवढं स्पष्ट सगळे बोलत नाहीत. बाकीचे "कळवतो" म्हणतात. कळवत कोणीच नाही, आणि न कळवण्याला काहीतरी कारण लागतं. ते मामाला सापडलं. असंच एक स्थळ "कळवतो" म्हणून गेलं, त्या दिवशी मामा चूळ भरायला अंगणात आला आणि झाडापाशी थांबला.

"हे काहून लावलं?"

"फुलं येतात म्हणून."

"दारात काट्याचं झाड! भाच्या, घरात भांडणं लावतंय हे. सोयरीक येऊन याला अडकून राहिली."

"मामा, ते नोकरी हाय का विचारतात. झाडाचं कोण विचारतंय?"

"तोंडानं न्हाई विचारत. मनात येतंय त्यायच्या."

मी म्हणालो, "झाड लावायच्या आधीबी तीन स्थळं गेलीच की."

मामानं क्षणभर विचार केला. "तवा त्याचं बी जमिनीत असंल," तो म्हणाला.

आई उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना कळलं. काकूंना कळलं म्हणजे गिरणीवर कळलं, आणि आठवड्यात गोरेगावच्या बाजारात एका भाजीवाल्यानं मला मेथीची जुडी देताना सांगितलं, "ते झाड काढून टाका राव." ज्यांनी आमचं घर कधी पाहिलं नाही, अशी माणसंही आमच्या दारात काय आहे ते सांगू लागली. मला नोकरी नाही याबद्दल कोणाकडे उपाय नव्हता. झाडाबद्दल प्रत्येकाकडे होता, आणि तो एकच होता.

आई सारखी म्हणायची, "काढून तं पाह्य. बघू काय व्हतंय."

मी चिडायचो. म्हणायचो, "जे खरं कारण हाय ते उपट. जमंल का?" ती भाकरी जरा जोरात थापायची. दोन दिवस अबोला, मग पुन्हा तेच. काट्याच्या झाडानं घरात भांडणं लागतात, हे मामाचं म्हणणं तेवढं खरं ठरलं. आमच्या घरात आधी भांडणं नव्हती. आता सारखी व्हायची, आणि ती झाडावरूनच व्हायची.

या सगळ्यात सर्वांत मोठा आवाज काकूंचा होता. कुंपणापलीकडून त्या झाडाकडे बघून बोटं मोडायच्या. त्यांच्या शेळ्यांनी आमचं सगळं खाल्लं, पण उटकटाऱ्याला तोंड लावलं नाही, हाही बहुधा त्यांच्या रागाचा एक भाग असावा. मग दिवाळीनंतर त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचे दिवस भरले तशा काकू एका संध्याकाळी आमच्या मागच्या दारानं आल्या. पुढच्या दारानं आल्या असत्या तर झाडावरून यावं लागलं असतं.

"बाळा, एक मूळ पाहिजे व्हतं," त्या हळूच म्हणाल्या.

"कशाचं?"

"त्याचंच."

आमच्याकडे उटकटाऱ्याचं मूळ अडलेल्या बाईच्या केसात बांधतात. बाळ सुखरूप बाहेर आलं की लगेच सोडून घेतात. मला ते ऐकून माहीत होतं. मी म्हणालो, "काकू, तुमीच तं म्हणता, अवदसा हाय ते."

"दारात असलं तं अवदसा. केसात चालतंय."

काय करणार? लेकरू सगळ्यांचंच असतं. दोन झाडांपैकी एक मी खणून काढलं. या वेळी पहार घेतली आणि मूळ अखंड निघालं. काकूंनी ते पदराखाली झाकून नेलं. पोरीला कळा सुरू झाल्या तेव्हा जीप करून सेनगावला दवाखान्यात नेलं आणि ती नीट बाळंत झाली. मुलगी झाली. श्रेय मुळाला मिळालं. डॉक्टरीणबाईंना बर्फीसुद्धा दुसऱ्या दिवशी गेली. काकू परत आल्या आणि कुंपणावरून मला म्हणाल्या, "आता तं काढ ते राहिलेलं. किती दिवस बिनलग्नाचा राहतू?" लग्न अडवणारं झाड बाळंतपण सोडवतं, हे दोन्ही त्या एकाच तोंडानं सांगत होत्या आणि त्यांना काहीच अडचण येत नव्हती.

याच सुमारास ते स्थळ आलं. मुलगी औंढ्याकडची. डी.एड. झालेली. तिच्या वडिलांनी मामाला फोनवर सांगितलं होतं, "शेतकरी चालंल."

हे दोन शब्द आमच्या घरात कितीदा बोलले गेले असतील, सांगता येत नाही. आई भांडी घासताना मध्येच थांबून विचारायची, "असंच म्हणले ना रे ते?" सोमवारी ती औंढ्याला जाऊन नागनाथाच्या पाया पडून आली. येताना मुलीच्या गावाकडे जाणारी जीप कुठं थांबते तेही बघून आली. मी वरून हसत होतो. खरं सांगायचं तर मलाही ते स्थळ हवं होतं. मोबाईलवर मुलीचा फोटो आला होता, त्यात ती पेरूच्या झाडाखाली उभी होती आणि फोटो काढणाऱ्यावर रागावल्यासारखी दिसत होती. मला तो राग फार आवडला. वावरात पाणी धरताना मी तिच्याशी काय काय बोलायचं ते ठरवत असे. दारातलं झाड का लावलं, हेही तिला सांगायचं ठरवलं होतं.

आई म्हणाली, "एवढ्या बारी काढ. माझ्यासाठी."

मी म्हणालो, "न्हाई."

पाहुणे यायच्या दिवशी शेताची लाईट पहाटेची होती, म्हणून मी मोटार चालू करायला वावरात गेलो. दिवस वर आल्यावर परतलो, तर फाटकाशी काहीच नव्हतं. जमिनीबरोबर कापलेलं खोड तेवढं दिसत होतं. ऐन फुलात असलेलं झाड उकिरड्यावर पडलं होतं आणि माश्या अजून त्यावर घोंघावत होत्या. मला इतका संताप आला, की मी तसाच चिखलाच्या पायांनी घरात शिरलो. आई चुलीपाशी बसून तळहातातले काटे सुईनं काढत होती. विळ्यानं कापताना तिनं हाताला फडकंही गुंडाळलं नव्हतं. दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले. ती माझ्याकडे बघेना. मी तिच्या हातातली सुई घेतली आणि उरलेले काटे काढले.

मामा आधीच येऊन बसला होता. झाडाची जागा मोकळी दिसू नये म्हणून त्यानं मंडपवाल्याकडून प्लास्टिकच्या फुलांच्या दोन कुंड्या आणल्या होत्या. फुलं निळी होती.

"तुला निळी आवडतात म्हणून सांगून आणली," तो म्हणाला. मामा तसा प्रेमळ आहे.

मुलीचे वडील आणि आत्या आल्या. पोहे झाले. घर आवडलं. फरशी आवडली. आत्याबाईंना कुंड्याही आवडल्या. जाताना पेल्यातलं उरलेलं पाणी त्यांनी मोठ्या मायेनं एका कुंडीत ओतलं. पाणी फुलांवरून घरंगळलं, कुंडीच्या बुडातून निघालं आणि मुलीच्या वडिलांच्या चपलांखाली जमलं. मामा घाईनं म्हणाला, "आमच्याकडं पाण्याची काही तकलीफ न्हाई." सगळे डबक्याकडे बघत हसले.

चपला झटकत मुलीच्या वडिलांनी मला बाजूला घेतलं. माणूस सरळ होता. म्हणाले, "शेतकरी चालंल म्हणलो, ते म्हणलोच. पण शेतीसंगं काहीतरी असावं. दुकान, एजन्सी, काहीबी. नोकरीचं बघून राहिले का तुमी?"

"न्हाई," मी म्हणालो. "शेतीच करतो."

"बराबर हाय," ते म्हणाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरासा दाबला, आणि जीपमध्ये बसताना मामाला म्हणाले, "कळवतो."

यांनी मात्र खरंच कळवलं. तीनचार दिवसांनी मामाचा फोन आला, तो आईनं स्पीकरवर घेतला. मुलगी एका बँकेतल्या माणसाला देत होते. मामा बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "बाई, नुसतं वरून कापलं तुमी. मूळ राहिलं असंल आत."

आईनं इतकंच म्हटलं, "दादा, बस कर." आणि फोन माझ्या हातात दिला. मी तो तसाच बंद केला.

पेरूच्या झाडाखालचा फोटो मी बरेच दिवस मोबाईलमधून काढला नाही. वाईट वाटलं. याहून वेगळं काही लिहिण्यासारखं नाही.

मग काकूंच्या नातीचं लांबलेलं बारसं आलं. आई गेली. पाळणा झाला, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. आई लवकर परत आली आणि पदरात घुगऱ्या तशाच धरून ओट्यावर बसून राहिली. मी विचारलं, "काय झालं?"

ती म्हणाली, "सगळ्या विचारून राहिल्या व्हत्या, कुठवर आलं पोराचं म्हणून. आधी सांगता येत व्हतं, दारात काट्याचं झाड लावलंय, ऐकत न्हाई. मंग समद्या झाडाला शिव्या द्यायच्या आन् दुसरं काही बोलायच्या. आज काकू म्हणली, आता तं झाडबी काढलं, मंग काहून जमना? समद्या माझ्या तोंडाकडं पाहून राहिल्या."

"सांगायचं न मंग खरं. शेतकऱ्याला पोरी देत न्हाईत म्हणून."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "कोणत्या तोंडानं सांगू? तुझ्या बहिणीच्या टायमाला दोन शेतकरी आले व्हते. चांगले व्हते. मीच म्हणले, नोकरीवाला पाहिजे. त्यायलाबी माय असंल की."

मला हे माहीत नव्हतं. त्या दोन मुलांनाही कोणीतरी पोहे खाऊ घालून "कळवतो" म्हटलं असणार, आणि तो आमचाच मामा असणार. मी ओट्यावर तिच्याजवळ बसलो. आम्ही दोघांनी मिळून घुगऱ्या संपवल्या.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "ते झाड परत येतंय का?"

मी सांगितलं की मूळ खोल आहे, वरून कापल्यानं मरत नाही, पावसाळ्यात फुटेल. ती उठली, आतून माती वाहायची फुटकी पाटी आणली आणि त्या खोडावर पालथी घातली. वर दगड ठेवला. म्हणाली, "शेळ्यायनी कोंब खाऊ नये." शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत हे मी तिला सांगितलं नाही. उन्हाळाभर ती पाटी उचलून बघायची. एकदा तांब्याभर पाणी घालताना मी तिला पकडलं आणि पाण्यानं ते सडतं म्हणून सांगितलं, तर ओशाळली.

पाऊस पडला आणि पाटीखाली पानं दिसली. प्लास्टिकच्या कुंड्या मामानं मंडपवाल्याला परत दिल्या. या दिवाळीला त्याच मुळावर पहिल्यापेक्षा जास्त गेंद आले, निळे झाले, माश्या आल्या. दरम्यान आणखी एक स्थळ पोहे खाऊन गेलं.

काकू नातीला कडेवर घेऊन कुंपणाशी आल्या. म्हणाल्या, "काय गं, गेलं का हेबी स्थळ?"

आई अंगणात तूर पाखडत होती. तिनं मान वर केली आणि पलीकडच्या गल्लीतही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जाईल न्हाई तं काय करंल? दारात काट्याचं झाड लावून ठेवलंय यानं. लाख सांगितलं. ऐकतच न्हाई."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. आईनंही पाहिलं.

"व्हय काकू," मी म्हणालो. "न्हाईच ऐकत मी."